पुठ्ठ्याची पट्टी आणि मानपत्र

माझा व्यवसाय दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा आहे. त्याला मुद्रितशोधन म्हणतात. पुस्तक छापायला जाण्याआधी ते शेवटचं वाचणारी मी. छापल्यानंतर ते कुणी वाचतं की नाही, हा प्रकाशकाचा प्रश्न. पूर्वी पुण्याहून प्रुफांचे गठ्ठे एसटीने जुन्नरला यायचे. आता मेलवर येतात, मी बाजारपेठेतल्या दुकानातून ते छापून आणते आणि ओळीखाली पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवत वाचते.

पट्टी नसेल तर डोळा फसवतो. सराईत वाचकाचा डोळा ओळीवरून चालत नाही, उड्या मारतो. एका शब्दावर टेकतो, पुढचा ओलांडतो, ओलांडलेलं मनानेच भरून काढतो. चुका नेमक्या त्या ओलांडलेल्या जागी दबा धरून बसतात. म्हणून आमच्या धंद्यात मुद्दाम वाईट वाचक व्हावं लागतं: अक्षरागणिक थांबायचं, पुन्हा मागे जायचं, कशावरही विश्वास ठेवायचा नाही. या सवयीचा एक दुष्परिणाम असा झाला, की समोर कुणी वाचत असलं की मी त्याचं पुस्तक पाहत नाही, डोळे पाहते. लग्नात मंगलाष्टका म्हणणारे, विधी सांगणारे, सरकारी कचेरीत आपला अर्ज ‘वाचून’ बाजूला ठेवणारे साहेब, यांच्यातलं कोण खरंच वाचतंय हे मला लांबूनही कळतं. ही विद्या फारशी लोकप्रिय नाही.

माझा धाकटा भाऊ आंबेगाव तालुक्यात, घोडेगावहून डोंगराकडे जाणाऱ्या एसटीच्या वाटेवर, आमच्या गावी शेती करतो. टोमॅटो, कांदा, थोड्या गाई. त्याची मुलगी तेव्हा चौथीत होती. चैत्रात गावात सप्ताह बसतो, आणि भावजयीचा आग्रह असतो, ‘वन्सं, एक दिवस तरी पारायणाला बसा.’ माझी श्रद्धा बेताची, पण भावजयीच्या हातची मासवडी चांगली. मी जाते.

पारायणाची रीत अशी: मंडपात रांगांनी माणसं बसतात, प्रत्येकापुढे पोथी असते, आणि व्यासपीठावरचे महाराज लाउडस्पीकरवर जे वाचतात ते सगळ्यांनी त्यांच्याबरोबर एका सुरात वाचायचं. या रीतीचा मोठेपणा मला मान्य आहे. ज्याला वाचता येतं आणि ज्याला येत नाही, त्या दोघांना तिथे सारखंच पुण्य लागतं.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी भाची माझ्यासमोरच्या रांगेत बसली होती. दोन वेण्या, मांडीवर पाट, पाटावर पोथी. खणखणीत आवाजात वाचत होती. मी सवयीने डोळ्यांकडे पाहिलं. डोळे पोथीवर होते, पण हलत नव्हते. विहिरीत वाकून पाहावं तसे एका जागी ठेवलेले. शेजारच्या काकूंनी पान उलटलं की ती उलटायची.

तेवढ्यात लाईट गेली. जनरेटरवाला चहाला गेला होता. महाराजांचा आवाज बंद पडला आणि सगळ्या मंडपाची गाडी रुळावरून घसरली. कुणी पुढे, कुणी मागे, कुणी नुसतंच गुणगुणतंय. एकटी भाची न अडखळता पुढे म्हणत राहिली. हळूहळू बाकीचे गप्प झाले आणि ऐकू लागले. जनरेटर सुरू होईपर्यंत त्या मुलीने गावाचं पारायण चालवलं.

मंडपसमितीचे अध्यक्ष उठून उभे राहिले. हे दूध डेअरीचे माजी चेअरमन, खिशाला दोन पेनं, त्यांतलं एकही लिहीत नाही. डोळे पुसत म्हणाले, “काय वाचती राव पोरगी! एक काना सुटला न्हाई!”

एक काना सुटला नव्हता हे खरं. पण तिच्या पोथीची दोन पानं चिकटून उलटली होती, आणि ती जे म्हणत होती ते तिच्यासमोर नव्हतंच.

याचं कारण गोठ्यात होतं. भावजय पहाटे धारा काढताना मोबाइलवर पोथी लावते. गाई शांत राहतात असं तिचं मत आहे. गाईंबरोबर भाचीही तिथेच असते, शेणाची पाटी घेऊन. पहिले काही अध्याय गाईंनाही पाठ झाले असतील. फक्त त्यांना कुणी माइक दिला नाही.

भाचीला मात्र दिला. वाचन संपताच अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं, “शाळा उघडायच्या आधी सभामंडपाचं लोकार्पन हाये. साहेब येनार हायेत. साहेबांचं मानपत्र हीच वाचनार, दुसरं कुनी न्हाई!” साहेब म्हणजे आमदार. टाळ्या झाल्या. भावाची मान ताठ झाली. भाचीने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिला तेव्हाच कळलं की मला कळलंय.

दुपारी ओट्यावर आम्ही दोघीच होतो. तिथे बियाण्याची रिकामी पिशवी पडली होती, वर टोमॅटोचं चित्र. मी म्हटलं, “वाच गं काय लिहिलंय.”

“टोमॅटो.”

मी चित्रावर हात ठेवला आणि खालच्या ओळीवर बोट. ती पाहत राहिली. डोळे पहिल्या अक्षरावर गेले, एकदम ओळीच्या टोकाला गेले, परत आले, खालच्या ओळीत घसरले.

“पहिलं अक्षर दिसतं मला. मंग बाकीचं मी वळखते. वळखू नाय आलं तर वर्गात सगळ्यांच्या मागनं म्हनते.” मग बोट खालच्या ओळीवर नेऊन, “ओळ संपली ना, की दुसरी घावतच नाय.”

“बाईंना माहीत आहे?”

“सगळी पोरं एकदमच वाचत्यात. बाईंना कसं कळंल?”

पारायणाची रीत शाळेतही पोचली होती तर.

“आत्या, तू बाबांना सांगशील? त्यांनी मामाला पन फोन केला मानपत्राचा. समद्या गावासमोर मला नाय वाचता आलं तर?”

बाबांना सांगावं लागलंच, पण गावाला नाही, असं आमचं ठरलं. भाऊ ऐकून गोठ्याच्या दिशेने पाहत म्हणाला, “आक्का, डोळ्यांत काय तरी आसंल. चष्मा लागला आसंल.” त्याच्या आवाजात आशा होती. चष्म्याचा दोष हा घराण्याचा दोष नसतो.

सुट्टी लागताच मी तिला जुन्नरला आणलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “इतके चांगले डोळे रोज आले तर मला दवाखाना बंद करावा लागेल. नंबर नाही, तिरळेपणा नाही, काही नाही.”

“पण वाचताना ते भरकटतात,” मी म्हटलं.

“भरकटत नसतील, शोधत असतील. डोळा अक्षर आणून देतो. आत कुणी ते ओळखून घेतलं नाही, तर तो बिचारा दारातच घुटमळणार. तुम्ही तिला अक्षरं किती ओळखता येतात ते नीट पाहा. आणि शाळेत बोला.”

एवढं साधं बोलणारा डॉक्टर भावाला पसंत पडला नाही. त्याने तोवर आळेफाट्याला एक क्लास शोधून काढला होता, तिथे तो आम्हा दोघींना घेऊन गेला. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, दारावर उगवत्या सूर्याचं चित्र आणि त्यात एक भला मोठा डोळा. डोळ्यांच्या हालचाली सुधारल्या की वाचन आपोआप सुधारतं, असा संचालकांचा दावा. ते भर मे महिन्यात कोट घालून बसले होते. खालून ट्रकचा पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता आणि वर दोरीला बांधलेला पिवळा चेंडू डावीकडून उजवीकडे झुलत होता. मुलांनी मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी त्याचा पाठलाग करायचा.

भाचीने तो फार उत्तम केला. संचालक खूश. “बघा, पहिल्याच दिवशी केवढी प्रगती!”

बाहेर येऊन उसाचा रस पिताना मी तिला विचारलं, “कसं वाटलं?”

“सोपं व्हतं. चेंडूवर काय लिवलेलंच नव्हतं.”

भावाने तिच्याकडे पाहिलं, मग ग्लासात पाहिलं, आणि त्या क्लासचं नाव परत काढलं नाही.

डोळे अडखळतात म्हणून वाचता येत नाही, की वाचता येत नाही म्हणून डोळे अडखळतात? मी यावर सापडेल ते वाचलं. विद्वान अजून वाद घालतात, पण बऱ्याच जणांचा कल दुसऱ्या उत्तराकडे दिसला. तरी माझी खात्री पटली ती वेगळ्याच कारणाने.

काही वर्षांपूर्वी मी मोडी लिपीच्या एका वर्गाला गेले होते. उद्घाटनाची भाषणं लांबली, त्यामुळे शिकवणी आखूड झाली. प्रमाणपत्र मात्र वेळेवर मिळालं. ते देवनागरीत असल्यामुळे मला वाचताही आलं. त्या वर्गातला सरावाचा एक कागद घरात होता. भाची कंटाळली होती म्हणून मी तो काढला आणि म्हटलं, “आता मी वाचते, तू माझे डोळे बघ.”

ती समोर बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकवून. मी मोडीच्या त्या गुंतवळात शिरले. पहिलं अक्षर ओळखलं, दुसरं नाही, पुढे गेले, परत आले, ओळ संपली तेव्हा पुढची सापडेना.

“आत्या!” ती ओरडलीच. “तुझं डोळं पन मागं जात्यात! आता थांबलं! आता परत मागं! आता भलतीकडंच!”

इतका आनंद तिला सबंध उन्हाळ्यात झाला नव्हता. पुस्तकांत जन्म घालवलेली आत्या त्या कागदापुढे तिच्याइतकीच अडाणी होती. ती हसत हसत आडवी झाली. मग उठून गंभीरपणे म्हणाली, “पट्टी लाव ना. तू लावतीस ती.”

त्या दिवसापासून आमचा करार झाला. शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची तिची स्वतःची पट्टी कापली. ती देवनागरीची एक ओळ वाचणार, मी मोडीची एक. चुकलं तर दुसरीने हसायचं, पण उत्तर सांगायचं नाही.

हळूहळू कुठे गाडी अडते ते दिसलं. बाराखडी तिला गाण्यासारखी पाठ होती, पण मधलंच ‘पु’ दाखवलं की ती ‘प पा पि पी’ पासून म्हणत म्हणत तिथे यायची. गावी जाताना प्रत्येक वेळी नाशिकपासून निघायचं, असा प्रकार. तेवढा वेळ डोळा ‘पु’वर उभा राहून दमायचा आणि तोवर आधीचं अक्षर विसरलेलं असायचं. मग आम्ही अक्षरं सुटी केली. गव्हाच्या ताटात बोटाने काढली, पिठाच्या डब्यावर खडूने लिहिली. प्रुफं तपासताना मला पूर्वी एक सोबती असायचा. तो मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि मी छापील मजकूर ताडून पाहायचे. ती जागा मी भाचीला दिली. अर्थात एका वेळी एक ओळ. तिच्या वेगाने काम केलं असतं तर प्रकाशक म्हातारे झाले असते, पण एका ओळीत तिने मी सोडलेली चूक पकडली. उडी मारायला तिला येतच नव्हतं, त्यामुळे ती कुठलंच अक्षर ओलांडत नव्हती. मी तिला बाजारपेठेतली कुल्फी दिली.

मोडीत माझी प्रगती तिच्यापेक्षा कमी होती, हे तिने गावी फोन करून सगळ्यांना सांगितलं.

सुट्टी संपत आली. अध्यक्षांनी मानपत्र माझ्याकडेच तपासायला पाठवलं. गावच्या कुणा हौशी माणसाने ते रचलं होतं. साहेब त्यात विकासाचे महामेरू होते, कार्यसम्राट होते, आणि तालुक्यात रस्त्यांचं जाळं विणणारे होते. चुका मी काढल्या. खोटेपणा माझ्या कामात येत नाही.

भाचीने पट्टी लावून पहिली ओळ वाचली. घाम आला तिला. ओळ वाचता येऊ लागली होती, पण सावकाश, आणि समोर गाव बसणार होतं. मी म्हटलं, “हे बघ, हे पाठच करून टाक. मानपत्र आहे. वाचण्यासारखं त्यात काही नाहीच.”

मी दोनदा वाचून दाखवलं. तिचं पाठ झालं. त्या रात्री ती निवांत झोपली आणि मीही.

लोकार्पणाच्या दिवशी मंडपात झालर, रांगोळी, फेटे आणि नवे पंखे. पंखे देणाऱ्यांची नावं पंख्यांवर, त्यामुळे फिरू लागले की वाचता येत नव्हती. आम्ही वेळेवर पोचलो. पाहुणे अर्थातच नाही. पुष्कळ उशिराने गाड्या आल्या, पण साहेब आले नाहीत. त्यांना मुंबईहून निघता आलं नव्हतं. त्यांच्या जागी त्यांच्याच पक्षाचे जिल्ह्याचे कुणी पदाधिकारी आले. अध्यक्ष क्षणभर डगमगले असतील, पण त्यांचा अनुभव दांडगा. भाषणं होऊन भाचीचं नाव पुकारलं गेलं, तिला पोडियमशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभं केलं गेलं, आणि मानपत्र तिच्या हातात आलं तेव्हा मी पहिल्या रांगेतून पाहिलं: मधोमध साहेबांच्या नावावर पांढरा कागद चिकटवलेला होता. खाली आणखी दोन ओळींवरही.

तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. पाठ केलेल्यात साहेबांचं नाव होतं. ती ते म्हणाली असती तर समोर बसलेल्या माणसाला न आलेल्या माणसाचा सन्मान ऐकावा लागला असता, आणि सगळ्या गावाला कळलं असतं की पोरगी वाचतच नाही. भाऊ खांबाला टेकून उभा होता, मोबाइलवर तिचं शूटिंग करत. त्याला तो कागद दिसला नव्हता.

तिने सुरुवात खणखणीत केली. मान वर, डोळे समोरच्या पंख्यावर. गावाने माना डोलावल्या. मग ‘आदरणीय’ म्हणून तिने खाली पाहिलं.

मी तिचे डोळे पाहिले. ते त्या पांढऱ्या कागदावर टेकले. थांबले. पुढच्या अक्षराकडे गेले, मागे आले. मग तिने फ्रॉकच्या खिशातून शर्टाच्या खोक्याची पट्टी काढली, त्या ओळीखाली ठेवली, आणि पाहुण्यांचं नाव एकेक अक्षर करून वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. प्रत्येक अक्षराला पाहुणे थोडे जास्त वाकून हात जोडत होते. इतक्या सावकाश त्यांचं नाव बारशालाही कुणी घेतलं नसेल.

माझ्यामागे अध्यक्ष कुजबुजले, “पोरगी भावुक झाली.”

मला वाटलं, सुटलो. आता पुढचं तिला पाठ आहे. पण तिने मान वर केलीच नाही. पट्टी एक ओळ खाली सरकवली आणि तशीच वाचत राहिली. चिकटवलेल्या दोन ओळी संपल्या, पाठ असलेल्या सुरू झाल्या, तरी पट्टी थांबेना. आणि एक अघटित घडलं: लोक मानपत्र ऐकू लागले. मानपत्र वेगाने वाचायचं असतं, त्यातच त्याचं रक्षण असतं. इथे एकेक विशेषण सुटं होऊन उघड्यावर येऊन उभं राहत होतं.

“ता-लु-क्यात... रस्-त्यांचे... जाळे...”

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने मोकळेपणाने विचारलं, “कंचा रस्ता म्हनली रं?”

“गप बसा की आबा.”

“न्हाई, आमच्या वस्तीकडं आसंल तर बगाया जातो.”

हशा पिकला. पाहुणेही हसले; रस्ते साहेबांचे होते, त्यांचे नव्हते. भाची थांबली, हसू ओसरू दिलं, ओळ चुकू नये म्हणून पट्टी घट्ट धरून ठेवली, आणि शेवटच्या पूर्णविरामापर्यंत गेली. तोवर स्वयंपाकघराकडची भजी गार झाली होती.

गावाचा निकाल जेवणाच्या पंगतीतच लागला. अध्यक्ष भावाला म्हणाले, “सप्त्यात कशी फाडफाड वाचत व्हती! आज काय झालं? दिष्ट लागली बगा पोरीला.” भावजयीने संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. भाची उंबऱ्यात डोळे मिटून शहाण्यासारखी उभी राहिली. भावाने मोबाइलवरचं शूटिंग पुन्हा पुन्हा लावलं, पंगतीतून उठून गेलेल्यांनाही बोलावून दाखवलं, आणि नावापाशी आलं की दर वेळी म्हणाला, “हे बगा, हितं. हितं बगा.” काय बघायचं ते मात्र कुणाला कळलं नाही.

मी तिला नंतर विचारलं, “नावापुढचं पाठ होतं ना तुला? मग का नाही म्हटलंस?”

“पट्टी लावलीच व्हती,” ती म्हणाली. “मंग म्हटलं, वाचू.”

पाचवीच्या नव्या शाळेतल्या बाईंशी मी बोलले आहे; त्या तिला एकटीला वाचायला लावतात आणि घाई करत नाहीत. ती अजूनही सावकाशच वाचते. डोळे अजून मागे जातात. गेल्या दिवाळीत तिला जुन्नरला आणायला गेले, तेव्हा घोडेगावच्या स्टँडवर तिने मला हाताला धरून थांबवलं. समोर गाडी उभी होती. मला तिची पाटी दिसत होती, पण तिने सांगितलं, “तू बोलू नको.” मी बोलले नाही. तिने पाटीवर डोळे टेकले, ओठ हलू लागले. कंडक्टरने डबल बेल दिली. गाडी हलली, वळली, फाटकातून बाहेर पडली.

“जुन्नर!” भाची म्हणाली. “आत्या, आपलीच गाडी व्हती!”

पुढच्या गाडीला बराच वेळ होता. आम्ही बाकावर बसून बटाटेवडा खाल्ला, आणि ज्या कागदात तो बांधून दिला होता तो तिने उलगडून मांडीवर सपाट केला.